मेस्त्री आणि मास्तर : एकाच शब्दाची दोन माणसे

१/ सकाळी सातच्या सुमारास ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच्या कोणत्याही मजूर नाक्यावर एकच विचारणा ऐकू येते: ‘मेस्त्री आहे का?’ त्याच वेळी शेजारच्या रस्त्याने मुले शाळेत निघालेली असतात, आणि तिथे शिकवणाऱ्याला जुनी पिढी अजूनही ‘मास्तर’ म्हणते. एका शब्दामागे घमेले आहे, दुसऱ्यामागे फळा. समाजाने या दोघांत जेवढे अंतर ठेवले आहे तेवढे शब्दांत मुळीच नाही. हा धागा त्या अंतराविरुद्ध आहे. 🧵

२/ ‘मेस्त्री’ आणि ‘मास्तर’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत: ‘मागिस्तेर’. पहिला पोर्तुगिजांबरोबर आला, दुसरा इंग्रजांबरोबर. नावाआधी लावायचा ‘मिस्टर’ हा त्याच ‘मास्टर’चा झिजलेला उच्चार. ठाण्याच्या न्यायालयातील ‘मॅजिस्ट्रेट’सुद्धा याच घराण्यातला. न्यायासनावरचा, वर्गातला, पत्त्यावरचा आणि परांचीवरचा अशी ही चार सख्खी भावंडे. त्यांपैकी एकालाच आपण ‘ए’ म्हणून हाक मारतो.

३/ ‘मागिस्तेर’च्या पोटात ‘मागिस’ आहे, म्हणजे ‘अधिक’. जो अधिक जाणतो तो मागिस्तेर. त्याच्या उलट ‘मिनुस’, म्हणजे ‘कमी’; त्यापासून झाला ‘मिनिस्तेर’, म्हणजे हाताखालचा, सेवक. इंग्रजीतला ‘मिनिस्टर’ तिथूनच आला. व्युत्पत्तीच्या न्यायाने पाहिले तर मेस्त्री मोठा आणि मंत्री त्याचा मदतनीस. व्यवहाराने हे नाते उलटे केले. ज्यांना शब्दांची मुळे काढून अभिमान बाळगण्याची हौस आहे, त्यांनी हे मूळही लक्षात ठेवावे.

४/ स्पेनमध्ये हा शब्द ‘माएस्त्रो’ झाला, आणि तिथे त्याचे तुकडे पडले नाहीत. प्राथमिक शाळेचा शिक्षक माएस्त्रो. वाद्यवृंदाचा संचालक माएस्त्रो. बैलांशी झुंजणारा नामांकित मातादोर माएस्त्रो. बांधकाम उभे करणारा ‘माएस्त्रो दे ओब्रास’. सर्व कुलुपे उघडणारी किल्ली ‘यावे माएस्त्रा’, आणि घराचा मुख्य भार वाहणारी तुळई ‘बिगा माएस्त्रा’. माणूस असो वा तुळई, भार पेलणाऱ्याला हे विशेषण मिळते.

५/ लॅटिन अमेरिकेत तर हा शब्द आणखी मोकळा झाला. मेक्सिकोत विद्यापीठात शिकवणाराही माएस्त्रो आणि नळ दुरुस्त करणाराही माएस्त्रो. चिलीत घरातली सारी किरकोळ कामे जमेल तशी उरकून देणाऱ्याला ‘माएस्त्रो चास्कीया’ म्हणतात; त्यात थोडी थट्टा आहे, पण ‘माएस्त्रो’ हे संबोधन तिथेही गळत नाही. एकाच शब्दाचे इतके अर्थ पाहून कोशकार दमतो. मात्र ते अर्थ परस्परविरोधी नाहीत. ‘ज्याच्याकडून काम शिकावे तो’ ही एकच व्याख्या सर्वांना पुरते.

६/ या व्याख्येमागे युरोपातील कारागीर-संघांची रीत होती. पोरगा आधी शिकाऊ म्हणून राही, मग रोजावरचा कारागीर होई, आणि अखेर जाणत्यांपुढे परीक्षा देऊन ‘माएस्त्रो’ ठरे. पोर्तुगालमध्ये त्यालाच ‘मेस्त्रे’ म्हणत. स्वतःची कार्यशाळा उघडण्याचा, शिकाऊ ठेवण्याचा आणि दुसऱ्याचे काम तपासण्याचा अधिकार त्याला मिळे. म्हणजे मेस्त्रे हा केवळ हातांचा धनी नव्हता. तो शिकवणारा होता, परीक्षक होता, आणि झालेल्या कामाला जबाबदार होता.

७/ डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात ठाणे होते, साष्टी होती. १७३७ मध्ये ठाणे आणि मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे, या पट्ट्यात किल्ले, चर्च, गोद्या आणि वाडे पोर्तुगीज अंमलाखाली उभे राहिले. कामाबरोबर कामाचे शब्दही आले. मेस्त्रीच्या हातातले ‘घमेले’, पाण्याचे ‘पिंप’, कुलपाची ‘चावी’, आणि शनिवारी मिळणारा ‘पगार’ हे सगळे पोर्तुगीज आहेत.

८/ कल्याण मात्र पोर्तुगिजांचे नव्हते. १६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीकाठी जहाजबांधणी सुरू केली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस आणि त्याच्या सोबतचे पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले की ही जहाजे उद्या आपल्याच समुद्रात उतरतील. त्यांनी निरोप धाडून या कारागिरांना फोडले, आणि ते काम अर्धवट टाकून निघून गेले.

९/ हा प्रसंग आरमाराच्या इतिहासात दोन ओळींत आटोपला जातो. त्याचा खरा धडा वेगळा आहे. वसईच्या अधिकाऱ्यांना कल्याणच्या लाकडाची भीती वाटली नाही. सागवान तर इथल्या रानात होतेच. भीती होती जाणकार हातांची. लाकूड, पैसा आणि मनुष्यबळ असूनही, ते जहाजात कसे बदलायचे हे ज्याला ठाऊक होते त्याचे मोल दोन्ही राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले. एकाने त्याला कामावर ठेवले, दुसऱ्याने त्याला पळवले.

१०/ आणि त्यानंतर? बांधणी थांबली नाही. परक्या कारागिरांच्या बरोबरीने राबलेल्या इथल्या सुतारांनी, लोहारांनी आणि दर्यावर्दींनी ती पुढे नेली. विद्येचे हस्तांतर झाले होते, आणि त्यासाठी ना पाठ्यपुस्तक लागले ना वर्ग. शेजारी उभे राहून, पाहून आणि चुकून ते झाले. ‘मेस्त्रे’ या शब्दात शिक्षकाचा अर्थ का आहे, हे कल्याणच्या खाडीइतके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

११/ मुद्दा शब्दाच्या मुळाचा. ‘मिस्त्री’ म्हणजे ‘मिस्र’ देशातून आलेला, किंवा ‘मिश्र’पासून निघालेला, म्हणजे चुना-वाळू मिसळणारा, असे तर्क अधूनमधून मांडले जातात. ध्वनी जुळतो, इतिहास जुळत नाही. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासूनच काढला आहे. गोव्याचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवर जो ग्रंथ १९१३ मध्ये सिद्ध केला, त्याचाही निर्वाळा तोच.

१२/ त्याच ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये अर्थांची घसरण टिपलेली दिसते. शब्दाचा खरा अर्थ कारागिरांचा प्रमुख. पण उत्तरेत तो कोणत्याही कारागिराला लागू झाला. पश्चिम आणि दक्षिण भारतात साहेबाच्या घरात ‘मेस्त्री’ म्हणजे स्वयंपाकी किंवा शिंपी. पुढे दक्षिणेत आणि ब्रह्मदेशात मजुरांची भरती करून टोळी हाकणारा मुकादमही ‘मेस्त्री’ झाला. शिकवणाऱ्यापासून हाकणाऱ्यापर्यंत, आणि तिथून हुकूम झेलणाऱ्यापर्यंत हा प्रवास झाला.

१३/ काही ठिकाणी मान टिकला, कारण शब्द आडनावात शिरला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘मेस्त्री’ हे सुतारकामाच्या परंपरेतील घराण्यांचे आडनाव आहे. कच्छमधील एक अख्खा समाज बांधकामातील कौशल्यामुळे ‘मिस्त्री’ म्हणून ओळखला गेला, आणि रेल्वेमार्गांच्या उभारणीत त्याने नाव कमावले. पारशांत ‘मिस्त्री’ आहेतच. २०१२ ते २०१६ या काळात टाटा सन्सचे अध्यक्षपद सायरस मिस्त्री यांच्याकडे होते. म्हणजे शब्दात हलकेपणा नाही. तो कोणत्या दारात उभा आहे, यावर त्याची पत ठरते.

१४/ रेल्वेनेही हा शब्द अधिकृत केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. त्या रुळांच्या देखभालीच्या व्यवस्थेत ‘पर्मनंट वे मिस्त्री’ हे रीतसर पद होते: टोळ्यांवर देखरेख करणारा, रुळाची चाल नजरेने ओळखणारा. पुढे या श्रेणीला ‘पर्यवेक्षक’ म्हणू लागले. पगार वाढला हे योग्यच. पण पदोन्नती मिळताच ‘मिस्त्री’ हा शब्दच टाकावासा वाटला, यातच त्या शब्दाची सामाजिक किंमत कळते.

१५/ आता ‘मास्तर’. इंग्रजी अमलाआधी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. सरकारी शाळा आल्या, परीक्षा आल्या, इंग्रजी ‘मास्टर’ आला आणि मराठी जिभेवर ‘मास्तर’ झाला. अशा रीतीने एकच लॅटिन शब्द मराठीत दोनदा आला. पहिल्यांदा तो हातांकडे गेला, दुसऱ्यांदा पुस्तकाकडे. स्पेनने ज्या दोन माणसांना एका नावाने हाक मारली, त्यांना मराठीत दोन नावे मिळाली, आणि दोन नावांबरोबर दोन प्रतिष्ठाही.

१६/ तरीही बोलीभाषा पूर्णपणे फसली नाही. कपडे बेतणारा ‘टेलर मास्टर’ आहे, वरातीपुढचा ‘बँड मास्टर’ आहे, फलाटावर ‘स्टेशन मास्तर’ आहे, चित्रपटात ‘डान्स मास्टर’ आहे. शिंप्याला कात्रीसह ‘मास्टर’ म्हणताना कुणाला संकोच वाटत नाही. मग थापीसह उभ्या असलेल्या माणसाला तो मान देताना का वाटावा?

१७/ यावर एक आक्षेप ठरलेला: ‘हा सगळा परकीय शब्दांचा खेळ. आपल्या परंपरेत विद्या आणि कारागिरी वेगळीच मानली गेली.’ भाषा मात्र उलट साक्ष देते. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’पासून आला. दोरी धरून लाकडावर रेघ मारणारा आणि नाटकाची सूत्रे हाती घेऊन नांदी म्हणणारा, दोघांचे नाव एकच होते. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात सूत्रधाराला टाळी मिळते. ज्या लाकडी फळ्यांवर तो उभा असतो, त्या बसवणारा सूत्रधार कुणाला आठवत नाही.

१८/ ‘आचार्य’ या शब्दाचेही तेच. त्यातून मराठीला ‘आचारी’ मिळाला, लग्नाच्या मांडवामागे कढईपुढे घाम गाळणारा. दक्षिणेत ‘आचारी’ हे सुतार-शिल्पकारांचे उपनाम आहे. फारसी ‘उस्ताद’ मैफिलीतही शोभतो आणि ट्रकच्या गॅरेजमध्येही. मराठीत त्याचा ‘वस्ताद’ होऊन तो तालमीत जाऊन बसला. लॅटिन, संस्कृत, फारसी: तिन्ही भाषांनी शिकवणारा आणि घडवणारा यांना एकच शब्द दिला होता. वेगळे केले ते समाजाने, जातीने आणि पगारपत्रकाने.

१९/ महाराष्ट्रात ही फाळणी नाकारणारा माणूस होऊन गेला. जोतीराव फुले शिक्षक होते आणि बांधकामाचे कंत्राटदारही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शाळेचा शिक्षक कसा असावा, हे त्यांनी सांगितले: वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती घेण्याची ज्याला लाज वाटणार नाही, असा. मास्तरच्या हाती मेस्त्रीचे हत्यार! डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाईंचे नाव आहे. त्या घराचा हा विचार शहरात किती रुजला, हे विचारण्याची वेळ आली आहे.

२०/ कारण ही शहरे मेस्त्रींनीच वाढवली. गेल्या अर्धशतकात ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत चाळींच्या जागी इमारती आल्या, भातखाचरांत संकुले आली. बांधकामाच्या फलकावर विकासकाचे नाव असते, वास्तुविशारदाचे असते, संरचना अभियंत्याचे असते. मेस्त्रीचे नसते. सळईत किती अंतर सुटले, स्लॅबला किती दिवस पाणी मारले, वाळूत माती किती होती, हे प्रत्यक्ष पाहणारा एकच माणूस, आणि तोच निनावी.

२१/ याची किंमत ठाऊक आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघर परिसरातील लकी कंपाउंडमधील इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. इमारत परवानगीविना उभी राहत होती. मृतांत तिच्यावरच राबणारे आणि तिच्यातच राहणारे मजूर होते, त्यांची मुले होती. त्यानंतर बिल्डर, अधिकारी, पोलीस यांच्यावर बोलले गेले, आणि ते आवश्यकच होते. एक प्रश्न मात्र मागे राहिला: बांधकामावरच्या जाणत्या माणसाला ‘हे टिकणार नाही, मी पुढचा मजला चढवत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्या व्यवस्थेत आहे का?

२२/ नाही. ‘मेस्त्रे’ला तो होता, कारण कामाची जबाबदारी त्याच्या नावावर होती. नाक्यावरच्या मेस्त्रीला उद्याच्या रोजाची चिंता आहे. आज त्याने काम थांबवले तर उद्या दुसरा उभा राहतो. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला त्याला आणावा लागतो. जो एकेकाळी दुसऱ्याच्या कौशल्याचा दाखला देत असे, तो आज स्वतः काम केल्याचा दाखला मागत फिरतो.

२३/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर: ‘मेस्त्री अंदाजाने काम करतो. त्याचा मान वाढवून अभियंत्याचे गणित बाजूला सारायचे का?’ मुळीच नाही. स्पेनमध्येही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वास्तुविशारद आणि ‘माएस्त्रो दे ओब्रास’ यांच्यात अधिकारांवरून दीर्घ वाद झाला, आणि आराखड्याचा अधिकार अखेर वास्तुविशारदाकडे गेला. तो निकाल रास्त म्हणता येईल. पण गणित कागदावर बरोबर असून चालत नाही. ते काँक्रीटमध्ये उतरावे लागते. उतरवणारा अडाणी ठेवला तर गणितही फुकट जाते.

२४/ आणि मेस्त्री ‘अंदाजाने’ काम करत असेल, तर त्याला रीतसर शिकवण्याची जबाबदारी कुणाची होती? वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसी यांनी साठच्या दशकापासून इथे कारखाने आणले. फिटर-टर्नर घडवायला औद्योगिक प्रशिक्षण संस्था आल्या, प्रमाणपत्रे आली. बांधकामावरचा माणूस मात्र बहुतांशी बिगारी म्हणून येतो आणि बघत बघत मेस्त्री होतो. त्याच्या वीस वर्षांच्या अनुभवाची परीक्षा कुणी घेत नाही. जी विद्या तपासलीच नाही, तिला अडाणीपणा म्हणणे हा आळस आहे.

२५/ परकीय म्हणून हा शब्द काढून ‘कारागीर-प्रमुख’ असे काही घडवावे, असेही सुचवले जाईल. भाषाशुद्धीच्या भरात हाही शब्द फेकता येईल. पण पाटी बदलून रोज वाढत नाही आणि मानही वाढत नाही. शिवाय ‘कारागीर’सुद्धा फारसीच! चारशे वर्षांहून अधिक काळ इथल्या खाडीकाठी राबलेला शब्द परका राहिलेला नाही. शुद्धी करायचीच असेल तर ‘तू काय मेस्त्रीच होणार’ हे जे वाक्य अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला धमकी म्हणून ऐकवले जाते, त्या वाक्याची करावी.

२६/ मागणी साधी आहे. प्रत्येक बांधकामाच्या फलकावर मेस्त्रीचे नाव असावे. अनुभवी मेस्त्रीच्या कौशल्याची परीक्षा आणि प्रमाणपत्र सहज मिळावे. निकृष्ट कामाला नकार देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण असावे, आणि नकार न देणाऱ्यावर जबाबदारीही असावी. मान आणि जबाबदारी एकत्रच येतात. ‘मेस्त्रे’ला दोन्ही एकाच दिवशी मिळत. फक्त मान मागणे ही भाबडी सहानुभूती होईल, आणि फक्त जबाबदारी टाकणे हा अन्याय.

२७/ घर पाहायला जाणारा प्रत्येक जण चटईक्षेत्र विचारतो, पार्किंग विचारतो, स्थानक किती मिनिटांवर हे विचारतो. ‘मेस्त्री कोण होता?’ हे विचारत नाही. ओळंबा लावून ज्याने ती भिंत सरळ उभी केली, त्याच्या विद्येवर ते घर पुढची पन्नास वर्षे उभे राहणार असते. हा प्रश्न ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत विचारला जाऊ लागला, तर विकासकाला उत्तर द्यावे लागेल. आणि त्या उत्तरात एका माणसाचे पूर्ण नाव असेल.

#मराठी #शब्दांचा_इतिहास #ठाणे #कल्याण_डोंबिवली